दोनशे रुपयांची भेट, पंधरा घरं आणि परसातल्या करवंट्या

साखळीहून एका ताईंनी विचारलं आहे: "लेकीचं लग्न वैशाखात झालं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिच्या सासरी वजें म्हणजे मानाची भेट पाठवली, त्यात हात रिकामा झाला. आता दिवाळीला १५ घरी काहीतरी द्यायचं आहे. त्यात व्याही आले, दोन नणंदा, शेजारचं एक ख्रिश्चन कुटुंब आणि यजमानांच्या कचेरीतले दोघे साहेब. हाताशी ३,००० रुपये आहेत. बाजारातला सुक्या मेव्याचा डबा त्यात बसत नाही, आणि बसला तरी तो न उघडताच पुढच्या घरी जातो हे ठाऊक आहे. घरीच काही करावं म्हणते, पण 'बिचारीनं घरीच केलंय' असं कुणी म्हणायला नको. परसात चार माड, पाच-सहा पोफळी आणि पेराचं, म्हणजे पेरूचं, एक झाड आहे. मदतीला सासूबाई आहेत."

ताई, ३,००० रुपये पुरून उरतील. तुम्हाला कमी पडणार आहेत ते दिवस, म्हणून चवथ संपल्या संपल्या विचारलंत हे बरं केलंत. फोंडा तालुक्यात गेली वीसेक वर्षं मी बायकांना या वस्तू करायला शिकवते, जत्रेत मांडूनही बसते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्यांना मी सरळ सांगते, बाई, आता तू डबाच घे.

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. घरची वस्तू गरीब दिसते ती काठावर. करवंटीची वाटी आतून-बाहेरून कितीही चकचकीत करा, तिची कड वरखाली असली की ती करवंटीच राहते. कापड रेशमी असलं आणि त्याचा दोरा सुटलेला असला तर ते चिंधी दिसतं. लेबल कात्रीनं वाकडं कापलंय, डिंक बाहेर आलाय, वड्या एक लहान एक मोठी, झाकणावर जुन्या सॉसच्या चिठीचा चिकट डाग आहे: पाहणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण वस्तू हातात घेताच त्याचा चेहरा 'अरे वा' ऐवजी 'हो का' असा होतो. आणि आपण काय करतो? काठ बिघडला की तो लपवायला वर टिकल्या, गोटा, प्लास्टिकचं फूल चिकटवतो. दुकानात जे पैसे जातात ते या लपवण्यात जातात.

म्हार्दोळला देवळाबाहेर जायांचे वळेसर, म्हणजे जाईचे गजरे, विकायला असतात ते नीट बघा. एकच फूल, एकच केळीचा सोप, सगळ्या गाठी सारख्या अंतरावर. त्यात दुसरा रंग नाही, चमकी नाही. तरी ते केसात माळलं की समोरची बाई वळून बघते. मला तुमच्याकडून तेवढंच करून घ्यायचं आहे.

म्हणून पहिला निर्णय असा की पंधरा घरांना पंधरा वेगळ्या वस्तू करायच्या नाहीत. एकच जोड करा. करवंटीची वाटी, तिच्यात घरचा पेराद म्हणजे पेरूची वडी, खाली पोफळीच्या विरीचं म्हणजे झावळीच्या रुंद बुंध्याचं तबक, वर जुन्या लुगड्याचा रुमाल. माल सगळा परसातला. आणि १५ नव्हे, १७ करा. पहिल्या दोन वाट्या बिघडतातच, त्या मीठ-मिरची ठेवायला घरी राहू देत. सातव्या-आठव्या वाटीला हात बसतो, आणि तो बसला की तुमचं तुम्हालाच कळतं.

वाटीपासून सुरू करते, कारण वेळ तीच खाते. आपल्या घरात रोज एक नारळ फुटतो, तेव्हा करवंट्या विकत आणायच्या नाहीत, फक्त फोडायची पद्धत बदलायची. नारळ हातात फिरवत फिरवत कोयत्याच्या पाठीनं बरोबर मध्यावर, पोटाच्या रेषेवर ठोके द्या. घाईनं एकच घाव घातला तर तडा कुठेही जातो. फिरवत ठोकलं तर बहुतेक वेळा सरळ दोन भाग होतात. डोळ्यांकडचा भाग वाटीला घेऊ नका. त्याचं एक भोक मऊ असतं, तिथून गळतं. वाटी होते ती दुसऱ्या भागाची. डोळ्यांकडच्या भागातून पुढे बैठकीची चकती काढायची आहे, म्हणून तोही टाकायचा नाही.

खोबरं खवून झालं की आत तपकिरी सालीचा पापुद्रा राहतो. बहुतेक जणी तो तसाच ठेवतात आणि दोन आठवड्यांत वाटीला आतून पांढरी बुरशी येते. चमच्याच्या कडेनं तो पूर्ण खरवडा, वाटी धुवा आणि निदान आठ-दहा दिवस उन्हात टाका. भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ चालू असतो, म्हणून रोज संध्याकाळी आत घ्यायला विसरू नका. आपल्या हवेत ओल हाच सगळ्यात मोठा शत्रू आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी दाखवलेल्या कितीतरी कृती गोव्यात पावसाळ्यात फसतात त्या याच कारणानं.

वाळली की बाहेरची शेंडी काढायची. सुरी नको, हात कापतो. लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं उभं धरून ओढलं की तंतू सोलून निघतात. मग पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०, शेवटी ४००. इथे लबाडी चालत नाही. ८० नंतर एकदम ४०० घेतला तर ८० नंबरचे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावलं की जास्तच उठून दिसतात. घासताना तोंडाला कापड बांधा, करवंटीची धूळ फार बारीक असते आणि घशात बसते.

आता कड. सगळा जीव इथे लावा. कड हातात धरून घासायची नाही, ती कधीच सरळ होत नाही. ८० नंबरचा अख्खा कागद सपाट फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बसवा, त्यावर वाटी पालथी ठेवा आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासा. गोल गोल फिरवलं तर एका बाजूला जास्त झिजते, आठाच्या आकड्यानं दाब सगळीकडे सारखा पडतो. थोड्या वेळानं उचलून बघा: जिथे कागद लागला तिथे कड फिकी झालेली दिसेल, जिथे नाही लागला तिथे काळीच राहिलेली असेल. सगळी कड फिकी झाली की ती एका पातळीत आली. मग १२०, २२० वर हेच करा. शेवटी धार बोचू नये म्हणून ४०० चा तुकडा बोटाभोवती गुंडाळून कडेवरून एक हलका फेरा मारा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवायला सांगते. अंगठा कुठे अडखळला नाही तर वाटी झाली.

खालची बैठक: डोळ्यांकडच्या भागातून दोन बोटं रुंदीची गोल चकती कापा, मधून पोकळ, बांगडीसारखी. तिच्या दोन्ही कडा तशाच कागदावर सपाट करा आणि वाटीच्या बुडाला एपॉक्सीनं चिकटवा. पांढरा डिंक वापरू नका, धुतल्यावर सुटतो. एपॉक्सी बाहेर आलेलं ओलं असतानाच पुसून काढा. नुसती करवंटी टेबलावर डुगडुगते. बैठक लागली की तीच वस्तू एकदम भांडं होते. लोक मला विचारतात की ही शिसवीची आहे का.

शेवटी तेल. खोबरेल किंचित कोमट करून आत-बाहेर चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी सुक्या कापडानं पुसा. मधमाशीचं मेण मिळालं तर एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून लावा, जास्त दिवस टिकतं. व्हार्निश नको. त्यात खाण्याचा पदार्थ ठेवायचा आहे, आणि व्हार्निशची चमक खोटीही दिसते.

एका वाटीला हातानं साधारण दीड तास लागतो. १७ वाट्यांचे पंचवीस तास होतात. पाच आठवडे रोज पाऊण तास काढला तर जमतं. एका रविवारी सगळं उरकायला बसलात तर सहाव्या वाटीला मनगट बोलायला लागेल आणि उरलेल्या कडा तुम्ही तशाच सोडाल.

आता पेराद. हा मी मुद्दाम निवडला. नारळाच्या वड्या आठवड्यात वास मारू लागतात, चण्याच्या डाळीचा दोस पंधरवडा टिकतो न टिकतो, बेबिंकाला अंडी आणि दिवस दोन्ही फार लागतात. पेराद नीट आटवला तर हवाबंद डब्यात महिनाभर सहज राहतो. म्हणजे तो दिवाळीच्या आठ दिवस आधी करून तुम्ही मोकळ्या.

१५ घरांना ४ किलो पिकलेली पेरं लागतील. तुमच्या झाडाची कमी पडली तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहेच. फार मऊ झालेली घेऊ नका. चार फोडी करून, त्या बुडतील न बुडतील एवढ्या पाण्यात शिजवा आणि चाळणीवर घासून बिया काढा. अंदाजे ३ किलो गर मिळेल. गराच्या पाऊणपट साखर, म्हणजे सव्वादोन किलो. पुष्कळ ठिकाणी समसमान घेतात. मला ते गोडमिट्ट वाटतं आणि पेराचा वास मागे पडतो. पण अर्ध्यावर मात्र येऊ नका, मग तो टिकत नाही. सगळं एकाच वेळी आटवायलाही घेऊ नका. एक किलो गर, पाऊण किलो साखर, दोन लिंबांचा रस, एवढाच घाणा घ्या आणि तीनदा करा. जाड बुडाची स्टीलची कढई, लांब दांड्याचा लाकडी डवला आणि हाताभोवती ओलं फडकं. गर आटू लागला की बुडबुडे फुटून उडतात आणि चटका असा बसतो की तिसऱ्या दिवशीही आठवण राहते.

पाऊण ते एक तास सतत ढवळायचं. गोळा कढईच्या कडा सोडू लागला, डवल्यामागे बूड दिसू लागलं आणि ते लगेच भरून आलं नाही, की थंड ताटलीवर एक थेंब टाका. निवल्यावर बोटांत त्याची गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही तर उतरवा. एक चमचा तूप घालून तूप लावलेल्या ताटात दीड सेंटिमीटर जाड थापा. परतीच्या पावसात पेरं पाणचट निघतात, तेव्हा वेळ जास्त लागेल. आच वाढवू नका, करपट वास साखरेनं झाकत नाही.

रंगाबद्दल: बाजारात पेराद लालभडक मिळतो, तो रंग घातलेला असतो. तुम्ही घालू नका. पांढऱ्या गराच्या पेरांचा पेराद मधासारखा होतो, लाल गराच्यांचा विटकरी. उजेडासमोर धरला तर त्यातून प्रकाश दिसतो. काळ्या वाटीत तो जितका शोभतो तितका लाल रंग शोभत नाही.

एक पूर्ण दिवस सुकू द्या आणि मग कापा. आपल्याकडे शंकरपाळ्यासारखी तिरकी वडी पाडतात. मी चौकोनी पाडते, कारण तिरक्या वडीचे टोकदार कोपरे हाताळताना मोडतात. स्टीलची पट्टी ठेवा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. ताटाच्या गोल कडेचे तुकडे भेटीत घालायचे नाहीत, ते पोरांचे. तीन सेंटिमीटरच्या बारा वड्या एका वाटीला पुरतात. प्रत्येकीखाली बटर पेपरचा चौकोन, नाहीतर दमट हवेत सगळ्या मिळून पुन्हा एकच गोळा होतो.

तबकाला एक पैसा लागत नाही. पोफळीची झावळ गळून पडते, तिच्या बुंध्याची रुंद विरी गोळा करा. चिखलात पडून काळे डाग पडलेली घेऊ नका. धुऊन तासभर पाण्यात भिजवली की ती चामड्यासारखी वाकते. आयताकार कापा, दोन टोकं वर दुमडा आणि माडाच्या हिराचा बारीक तुकडा टाचणीसारखा टोचून पक्की करा. ओली असतानाच आत सपाट वीट ठेवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. इथे मी स्वतः एकदा मार खाल्ला आहे. ऑक्टोबरच्या मळभात घाईनं वाळवलेली वीस तबकं एकावर एक रचून कपाटात ठेवली, आठवड्यानं काढली तर सगळ्यांना हिरवी लव. हाताला कोरडं लागणं वेगळं आणि वाळणं वेगळं. बोटानं टिचकी मारा, खडखडीत आवाज आला पाहिजे. कडा कात्रीनं नको, धारदार सुरी आणि पट्टी.

कापड. जुनी सुती साडी असेल तर तिच्यात तुमचं सगळं काम होतं. साडेपाच मीटर लांब, सव्वा मीटरला जराशी कमी रुंद. ५५ सेंटिमीटरचे चौकोन पाडले तर रुंदीत दोन आणि लांबीत दहा, असे वीस रुमाल निघतात. तुम्हाला १७ पुरेत, तेव्हा विरलेला भाग टाकून देता येईल. चारही बाजूंना दुहेरी दुमड घालून शिवा. कात्रीनं नागमोडी कापून काम भागवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. तो रुमाल एका धुण्यात पिसारा फुलवतो. शिवणयंत्र नसेल तर हातानं धावदोरा घाला, पण टाके सारखे घाला.

शिवून झालं की पेजेच्या निवळीची खळ द्या आणि किंचित ओलं असताना इस्त्री करा. मऊ पडलेलं जुनं लुगडं खळीनं कसं उभं राहतं ते बघून तुम्हालाच नवल वाटेल. पांढऱ्या कापडाला उकड्या तांदळाची पेज घेऊ नका, माझ्या एका रुमालावर तिची तांबूस झाक बसली ती बसलीच. सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाची घ्या.

कोणतं कापड, असं विचाराल. कुणबी लुगड्याची लाल-पांढरी चौकड कुणाच्या फडताळात असेल तर दुसरं काही शोधू नका. काळी वाटी, मधाच्या रंगाचा पेराद, विरीचा फिका तपकिरी आणि वर लाल चौकड. तीन रंग मातीचे आणि एक उठावाचा. फुलाफुलांच्या छापाची साडी असेल तर तिचा काठ आणि पदर सोडून द्या आणि साधा भाग घ्या. चारही टोकं वर आणून समोरासमोरची दोन-दोन बांधा. रिबन नको. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला केवणीच्या सालीचे दोर आणले होते ना, त्यातले उरले असतील तर ते गाठीभोवती दोन वेढे द्या. नाहीतर केळीचा सुकलेला सोप. सॅटिनची रिबन या सगळ्यात परक्या पाहुण्यासारखी दिसते.

लेबल लहान, तीन बोटांएवढं. तपकिरी कागद, पातं आणि पट्टीनं कापलेला. अक्षर बरं असेल तर बोरूनं लिहा. बांबूच्या काडीचं टोक तिरकं कापून होतो. मराठी अक्षरासाठी हा तिरका काप इंग्रजी लेखणीच्या उलट बाजूला असतो, ते ध्यानात ठेवलं नाही तर जाड-बारीक भलतीकडे येतं. अक्षर चांगलं नसेल तर नातवंडाकडून लिहून घेऊ नका, गोड वाटतं पण दिसत नाही. एकाच शब्दाचा ठसा करा. आणि मागे काय घातलंय, कधी केलंय, कधीपर्यंत खायचं ते बारीक अक्षरात लिहा. हे लिहिलेलं असलं की माणूस खातो. नसलं की फ्रीजमध्ये ठेवून विसरतो.

आता माणसं. सगळ्यांना एकच म्हटलं तरी दोन-तीन घरी बदल हवा. शेजारच्या ख्रिश्चन घरी पेराद देऊ नका असा माझा सल्ला आहे. त्यांच्याकडे नाताळच्या कुसवाडात, म्हणजे फराळात, पेराद असतोच आणि त्या घरची म्हातारी तो आयुष्यभर आटवत आली असेल. तिच्यापुढे तुमची वडी परीक्षेला बसेल. तिला आपल्या दिवाळीतलं द्या: वाटीत गावठी लाल पोहे आणि लेबलामागे रोसातले फोव, म्हणजे नारळाच्या रसातले पोहे, कसे करायचे त्याच्या चार ओळी. डिसेंबरात तबक परत येईल तेव्हा त्यावर दोदोल आणि नेवऱ्या असतील, रिकामं ताट परत करायची रीत त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

ज्या घरी साखर चालत नाही तिथे कोकमाची सोलं, कुळागरातली मिरी आणि सुक्या मिरच्यांची जुडी. काणकोणची खोल्याची मिरची मिळाली तर लेबलावर तिचं नाव घाला. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. मूठभर मिरच्या नाव लिहिल्यावर ठेवणीतल्या वाटतात. देठ सगळे एका लांबीचे कापा.

साहेबांना मोठं काही देऊ नका. बाकीच्यांना जे तेच. मोठं दिलं की त्याचा अर्थ काढला जातो, लहान दिलं की त्याचाही. लेकीच्या सासरी मात्र वाटी एक नको, आकारानं जुळणाऱ्या दोन वाट्या द्या. जोडी म्हटली की वस्तू वाढते. त्यासाठी वाट्या घासायला घेण्याआधीच सगळ्या करवंट्या ओळीनं मांडून जुळणाऱ्या दोन बाजूला काढा, आणि मोजणी १८ वर न्या.

काय करू नये, तेही सांगते, कारण हे सगळं तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. करवंटीत मेण ओतून मेणबत्ती करू नका. फोटोत छान दिसते, पण करवंटी हे सरपण आहे. वात शेवटाला कडेकडे सरकली की ती पेटते. घरात कॉस्टिक सोडा आणून साबण शिजवू नका, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलेल्या घरात तर मुळीच नको. समुद्रावरचे शंख-शिंपले गोळा करून चिकटवू नका: काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि जे चालतात त्यांनाही नीट न उकळल्यास चार दिवसांत वास येतो. चमकी, थर्मोकोल, गरम डिंकाची बंदूक, यांबद्दल मी वेगळं बोलत नाही. त्या बंदुकीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लांबून ओळखू येतात.

बाटल्यांचा एक धडा मात्र माझ्या खर्चानं घ्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात भिंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, अमृत कोकम करून बाटल्यांत द्यायचा विचार तुमच्या मनात येईलच, येऊ दे, भेट म्हणून ते फार देखणं दिसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा भंगारवाल्याकडून सुरेख बाटल्या आणल्या, उकळून वाळवल्या, रस गाळून भरला, आणि जुनीच पत्र्याची झाकणं लावली. कोकमाचं आम्ल पत्रा खातं. दोन महिन्यांनी एका ओळखीच्या घरी पांढऱ्या टेबलक्लॉथवर बाटली आडवी केली तर झाकणाखालून तांबेरलेलं पाणी ओघळलं. यजमानीण काही बोलली नाही, हे जास्त वाईट. तेव्हापासून बूच किंवा प्लास्टिकचं आतलं झाकण, आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही.

हिशेब. पेरं सगळीच विकत घ्यावी लागली तर मी ३०० ते ३५० रुपये धरते, साखर-लिंबं-तूप-गॅस मिळून अडीचशे, चार नंबरांचे पॉलिश पेपर दीड-दोनशे, एपॉक्सी, बटर पेपर, कागद, दोरा मिळून दोनशे. पोहे, सोलं, मिरच्या यांचे आणखी दोनशे धरा. १,२०० च्या आत बसतं. उरलेल्या पैशांतून लेकीला काहीतरी घ्या, किंवा स्वतःला. पण ते वाचले म्हणून प्रत्येक वाटीत एक-एक चांदीच्या वर्खाचं चॉकलेट टाकायला जाऊ नका. मी सांगते ना, तुम्हाला मोह होणार.

देताना "काही विशेष नाही हो, घरीच केलंय" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ते ऐकलं की समोरचा गाठ सोडायच्या आधीच किंमत ठरवून टाकतो. "परसातल्या पेरांचा पेराद आहे, वाटी मी घासलीय," एवढं म्हणा आणि चहा येईपर्यंत गप्प बसा. वाटीची कड ते स्वतःच अंगठ्यानं बघतील.

वेळापत्रक म्हणाल तर करवंट्या आजपासून. विरी पाऊस ओसरल्यावर, कडक ऊन पडल्याशिवाय हात लावू नका. रुमाल मधल्या दुपारी. पेराद वसुबारसेच्या आधी आठवडाभर, बांधणी धनत्रयोदशीला. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून पोरं घरी येतात आणि फोव खायला माणसं फिरू लागतात तोवर १५ गाठोडी देव्हाऱ्याजवळ तयार असावीत.

आणि हो, सासूबाईंना आजच सांगून ठेवा. न्हाणीतलं भाण, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा हंडा, तापवायला करवंटीइतकं छान सरपण दुसरं नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या नऊ घासलेल्या वाट्या अशाच एका सकाळी आंघोळीच्या पाण्याखाली गेल्या.